बोल्टावरची लाल रेघ

१

चार नंबरच्या पॅनेलचं लोखंडी दार उडून समोरच्या खांबाला जाऊन धडकलं होतं. सोमवारी सकाळी पावणेदहाला त्या दाराच्या आणि खांबाच्या मध्ये आर्तेमियो पानिसालेस उभा होता.

ग्लिसेरिया हाबुलान बुधवारी पोहोचली. इलोइलोहून पहिली बोट, मग बस, मग उसाच्या रिकाम्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी. कारखान्याच्या गेटपासून दोन मैलांपर्यंत भरलेले ट्रक उभे होते. गाळप तीन दिवस बंद होतं आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत होता. सेंट्रिफ्युगल हॉलमध्ये एरवी सहा मशीनच्या आवाजात माणसाला ओरडून बोलावं लागे. आज तिला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

नऊ वर्षांपूर्वी या सहा मशीनच्या मोटारींना ड्राइव्ह तिनेच बसवले होते. मोटारीचा वेग चढवायचा, साखर आणि मळी वेगळी झाली की ब्रेक लावून उतरवायचा, दर तीन मिनिटांनी, महिनोन्‌महिने. हे काम त्या लोखंडी कपाटांचं. तेव्हा तिच्या हाताखाली कारखान्याने एक वायरमन दिला होता. तो कमी बोलायचा आणि दिलेलं काम दोनदा तपासायचा. तोच आर्तेमियो.

"नांग सेरिया, तुम्हाला फार वेळ लागणार नाही." विद्युत विभागाचे प्रमुख इंजिनिअर तोरालबा तिच्या मागे कागदाचं फोल्डर घेऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. वडीलधाऱ्या बाईला 'नांग' आणि पुरुषाला 'नोंग' म्हणायची इथली पद्धत. "कारण स्पष्ट आहे. ड्राइव्हला जलद फ्यूज लागतात. मागच्या बुधवारी आर्तेमियोने फ्यूज बदलले, जॉब कार्डावर त्याची सही आहे. आणि आत सापडले ते हे, साधे. बिचारा. चूक झाली त्याच्याकडून. तुमची बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून सही झाली की उद्या सकाळी सहाला गाळप सुरू."

सेरियाने ते तीन काळवंडलेले फ्यूज हातात घेतले. बाहेरून जलद आणि साधा फ्यूज जुळ्या भावांसारखे दिसतात; तीच पांढरी चिनी माती, तोच आकार. फरक आतल्या स्वभावात. ड्राइव्हमधला डायोड शॉर्ट झाला तर जलद फ्यूज पापणी लवायच्या आत तुटतो. साधा फ्यूज पंपासाठी चांगला, पण तो तुटायला वेळ घेतो. तेवढ्या वेळात डायोड फुटतो, ज्वाळ उठते आणि कपाट बॉम्ब होतं.

हे साधेच होते. त्यात शंका नव्हती.

ती गुडघ्यांवर बसली आणि टॉर्च लावून फ्यूज जिथे कसले होते त्या तांब्याच्या पट्ट्या पाहू लागली. तिथे सहा बोल्ट होते. काजळी तिने बोटाने पुसली. प्रत्येक बोल्टावर लाल रेघेचा तुकडा होता.

ही सवय तिनेच लावली होती. नट हव्या त्या जोराने आवळला की बोल्ट, नट आणि पट्टी यांवरून एक सरळ रेघ ओढायची. नट हलला तर रेघ मोडते आणि नुसत्या नजरेने कळतं. आर्तेमियो बायकोची नखं रंगवायची बाटली वापरायचा. "रंग चांगला आहे, आणि ती ओरडते तेही मला आवडतं," म्हणाला होता एकदा.

सेरियाने डोळे बारीक केले. सहाही रेघा मोडलेल्या होत्या. दोन नट रेघेच्या अलीकडे थांबले होते.

उरलेले चार रेघेच्या पुढे गेले होते.

२

"स्फोटात हलले असतील," तोरालबा म्हणाले.

"स्फोटाने नट सैल होतो, साहेब. आणखी घट्ट झालेला मी कधी पाहिला नाही." सेरिया उठून उभी राहिली. एकसष्टाव्या वर्षी गुडघे तिला दर वेळी आठवण करून देत. "आर्तेमियोने आवळून रेघ ओढल्यावर कुणीतरी हे सहाही नट काढले आणि अंदाजाने परत आवळले. जोर मोजायचा पाना न वापरता."

तोरालबांनी फोल्डर मिटलं. "मग रोडेलला विचारा. पॅनेलची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. त्याचं आणि आर्तेमियोचं पटत नव्हतं, हे अख्ख्या कारखान्याला माहीत आहे."

रोडेल विजेच्या वर्कशॉपमध्ये एकटाच बसला होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा. समोर भाताचा डबा उघडा आणि तसाच.

"साहेबांनी पाठवलं ना माझ्याकडे?" त्याने वर न पाहता विचारलं. "वाटलंच होतं."

"भांडण कशावरून?"

"तो मला दर वेळी आवळलेलं परत उघडायला लावायचा. 'रेघ वाकडी आहे, पुन्हा कर.' मी एकदा म्हटलं, नोंग आर्ते, तुम्ही मशीन दुरुस्त करता का तिचा मेकअप करता? महिनाभर बोलला नाही." रोडेलने डबा बाजूला सारला. "आता कुणी पुन्हा करायला सांगणार नाही."

सेरियाने खिशातून तारेचा एक तुकडा काढला. जलद फ्यूजला एक छोटी खिटी असते. फ्यूज तुटला की ती बाहेर येते, एक बटण दाबते आणि ड्राइव्ह थांबतो. साध्या फ्यूजला खिटी नाही, म्हणून कुणीतरी त्या बटणाच्या दोन तारा एकमेकींना जोडून बटण मुकं करून टाकलं होतं. हा तो जोड.

रोडेलने तो उजेडात धरला. दोन्ही तारा एकमेकींभोवती अंगाला अंग लागून सहा-सहा वेढे घालून घट्ट बसवलेल्या. वरून कापडी पट्टी.

"हे कुणी केलं?"

"तू नाहीस?"

"मला असं येतच नाही, नांग. आम्ही तारांवर धातूची टोपी घालतो आणि पक्कडीने दाबतो. हे असं हाताने वळलेलं..." त्याने मान हलवली. "हे जुन्या माणसाचं काम आहे. आणि सुबक आहे."

"आर्तेमियोचं?"

"तो पण टोप्याच वापरायचा. तुम्हीच शिकवलं म्हणायचा." रोडेलने कोपऱ्यातल्या बाकाकडे हनुवटी उडवली. "बघा की, त्याच्या पिशवीत टोप्यांची डबी भरलेली आहे."

बाकावर खाकी कॅनव्हासची पिशवी होती. पाने, टेस्टर, मीटर, हातमोजे, सगळं आपापल्या कप्प्यात.

"ही इथे कशी?" सेरियाने विचारलं.

"सोमवारपासून इथेच आहे. सकाळी ठेवली आणि कॉफीला गेला."

सेरिया पिशवीकडे पाहत राहिली. तोरालबांच्या फोल्डरमधल्या अहवालात लिहिलं होतं, आर्तेमियो चालू पॅनेलमध्ये काहीतरी दुरुस्त करत असताना मेला.

पण त्याची झाडून सगळी हत्यारं तर इथे होती.

३

स्टोअरच्या जाळीमागे चोलिंग बसायची. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची. कुणी काही मागायला आलं की आधी 'नाही' म्हणायची तिची पद्धत. सेरियाने फ्यूजचं नाव काढताच तिने रजिस्टर फिरवून तिच्याकडे केलं.

"मागचा बुधवार. जलद फ्यूज तीन, घेणार आर्तेमियो. मी स्वतः दिले, खोक्यावरचा नंबर वाचून दिले. चुकीचे दिले असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या तोंडावर..."

"कुणी म्हणालं नाही. त्यानंतर किती शिल्लक?"

"शून्य."

"मग सोमवारच्या आधी आणखी एखादा गेला असता तर?"

"तर काय? सेबूहून यायचे. चार दिवस." चोलिंगने रजिस्टर मिटलं. "मधल्या दिवसांत काय झालं?"

"ते मला अजून माहीत नाही. आर्तेमियोचं जॉब कार्ड मी पाहिलं. एकच पान आहे. 'तीन फ्यूज बदलले, तपासलं, ठीक.' नऊ वर्षांपूर्वी तो साधा बल्ब बदलला तरी अर्धं पान लिहायचा."

चोलिंगने जाळीतून बाहेर पाहिलं, दोन्ही बाजूंना. मग उठली, दार आतून लावलं आणि कपाटाच्या तळातून जुन्या कपड्यांच्या घडीसारखा बांधलेला मागणीपत्रांचा गठ्ठा काढला.

"कार्डाचं दुसरं पान होतं. मला कसं माहीत? कारण त्याची गुलाबी नक्कल मागणीपत्र म्हणून माझ्याकडे येते. साहेबांनी सोमवारी दुपारी माझ्याकडे ती मागितली. मी म्हटलं, सापडत नाही." तिने गठ्ठ्याची दोरी सोडली. "मला दोन मुली शिकवायच्या आहेत, नांग. मी हे दाखवलं नाही. तुम्ही वाकून शोधलं आणि तुम्हाला सापडलं."

"मी वाकून शोधलं," सेरिया म्हणाली.

गुलाबी कागदावर आर्तेमियोचं बारीक, उभं अक्षर होतं. 'फ्यूज जाणं हा आजार नाही, लक्षण आहे. मुख्य लाइनवरचे तिन्ही सर्ज अरेस्टर मेले आहेत, त्यांच्यावरच्या खुणेच्या खिडक्या लाल झाल्या आहेत. जनरेटरवरून बाहेरच्या विजेवर जाताना येणारा झटका अडवायला आता काही नाही. तो थेट सहाही ड्राइव्हवर येतो. चार नंबरचे डायोड कमजोर झाले असणार. अरेस्टर त्वरित मिळावेत. तोवर हॉल चालवू नये.'

खाली निळ्या शाईत तिरकी ओळ होती. 'हंगाम संपल्यावर पाहू.' आणि सही, वि. तोरालबा.

सेरियाने कागद दोनदा वाचला. सहाही ड्राइव्ह, असं त्याने लिहिलं होतं. उरलेल्या पाचांसमोर उद्या सकाळी सहाला पाच माणसं उभी राहणार होती.

४

चार नंबरच्या ड्राइव्हमधून एक गोष्ट जिवंत निघाली होती. तळहाताएवढं कंट्रोल कार्ड. सेरियाने ते वर्कशॉपच्या बाकावर ठेवलं, बाहेरून वीज दिली. छोट्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. ड्राइव्ह कधी चालू झाला, कधी बंद पडला, का पडला, हे सगळं ते कार्ड स्वतःपुरतं लिहून ठेवतं. रोडेल खांद्यावरून वाचत होता.

बुधवार, तीन वाजून पाच मिनिटे, वीज चालू. म्हणजे आर्तेमियोचं काम संपलं ती वेळ.

शनिवार, अकरा बावन्न, फ्यूज तुटला.

शनिवार, अकरा अठ्ठावन्न, वीज बंद.

शनिवार, बारा एकेचाळीस, वीज चालू.

"शनिवारी पुन्हा गेला होता," रोडेल पुटपुटला. "मला कुणीच बोलावलं नाही. मी दुपारी गिरणीच्या खाली केबल ओढत होतो, चार हेल्परांबरोबर. आणि नोंग आर्ते तर इथे नव्हताच. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं बाकोलोदला. सकाळी सातच्या बसने गेला तो रात्री आला."

म्हणजे साधे फ्यूज आर्तेमियोने बसवले नव्हते. हे सिद्ध झालं. पण सेरियाला बरं वाटलं नाही. मग पिशवी न घेता तो सोमवारी चार नंबरकडे का गेला?

तीन नंबरच्या मशीनवर काम करणारी देल्फा दोन नंबरच्या बास्केटची, म्हणजे आतल्या फिरत्या पिंपाची, जाळी धुवायला आली होती. त्या मशीनचा ड्राइव्ह सेरियाने थोड्या वेळापूर्वीच उघडून तपासला होता, बाहेरची लाइन तोडून फक्त जनरेटरवर जोडून दिला होता. देल्फाने बटण दाबलं; बास्केट संथ फिरू लागलं आणि ती गरम पाण्याची नळी आत धरून उभी राहिली. वाफ छतापर्यंत गेली. सेरिया थोडा वेळ नुसती पाहत राहिली.

"सोमवारी तू इथेच होतीस?"

"इथेच. चार पावलांवर." देल्फाच्या दंडावर पट्टी होती. "मला कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी विचारलं ते फक्त, बरी आहेस ना? म्हटलं, बरी आहे."

"मी विचारते. काय पाहिलंस?"

"नोंग आर्ते फोरमनच्या केबिनमधून आला. चालत नव्हता, जवळजवळ पळत होता. हात रिकामे. मला म्हणाला, 'मागे हो पोरी, हे बंद करतोय.' मी म्हटलं, बॅच चालू आहे. तो ओरडला, 'बॅच गेली खड्ड्यात, मागे हो.' तो कधी ओरडत नाही, म्हणून मी मागे झाले." तिने नळी बंद केली. बास्केट फिरतच होतं. "त्याने मेन स्विचचा दांडा धरला. त्याच वेळी दिवे एकदा लुकलुकले, जनरेटरवरून बाहेरच्या लाइनवर जाताना लुकलुकतात तसे. आणि मग तो आवाज."

सेरिया चार नंबरकडे गेली. मेन स्विचचा दांडा वाकून अडकला होता, 'चालू' आणि 'बंद' यांच्या बरोबर मधोमध. पॅनेलचं दार त्या क्षणापर्यंत लागलेलं होतं. ते त्याच्यावर आलं होतं.

तो दुरुस्त करायला गेला नव्हता. तो बंद करायला गेला होता. कॉफीच्या कपावर कुणीतरी त्याला काहीतरी सांगितलं होतं.

"फोरमनच्या केबिनमध्ये त्या वेळी कोण होतं?"

देल्फाने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "नोंग बाल्दो. आणखी कोण? दोघं रोज एकत्र कॉफी घेतात."

५

बाल्दोमेरो आलिपो सेंट्रिफ्युगल हॉलचा फोरमन होता. आर्तेमियोच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता. तीस वर्षं दोघं एकमेकांना त्या नात्याने 'पारे' म्हणत आले होते. सेरिया आली तेव्हा तो खुर्चीत ताठ बसला होता, जणू बोलावणं येणार हे त्याला माहीत होतं.

"नांग सेरिया. बसा. कॉफी?"

"नको."

"पारेच्या घरी जाऊन आलात?"

"अजून नाही. त्याच्याबद्दल काय सांगायचं ते कळल्याशिवाय जाणार नाही." तिने टेबलावरचं शिफ्टचं रजिस्टर स्वतःकडे ओढलं. शनिवारचं पान काढलं आणि वाचलं. "'चार नंबर, जाळी धुतली. अकरा पंचावन्न ते बारा चाळीस.' अक्षर तुमचं?"

"माझं."

"जाळी धुताना बास्केट संथ फिरवावं लागतं ना?"

"हो. नाहीतर पाणी एकाच जागी..." बाल्दो थांबला.

"फिरवायला ड्राइव्ह लागतो. शनिवारी त्या वेळात चार नंबरला वीजच नव्हती. कार्डात तसं लिहिलंय."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. बाल्दोचे हात टेबलावर होते. उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापर्यंतच होती.

"तुम्ही फोरमन व्हायच्या आधी काय होतात, नोंग बाल्दो?"

"तुम्हाला माहीत आहे."

"वायरमन. बोटं गेल्यावर इकडे आलात." तिने तारेचा जोड रजिस्टरवर ठेवला. "असा सहा वेढ्यांचा जोड आता कुणी करत नाही. तीन बोटांनी एवढा सुबक करणारा तर मी एकच पाहिलाय."

त्याने तो तुकडा अपुऱ्या बोटांनी सरळ केला. मग तो खुर्चीत मागे टेकला.

"साहेबांचा फोन आला," तो म्हणाला. "मी सांगितलं, चार नंबरचे तिन्ही फ्यूज गेले, स्टोअरमध्ये नाहीत. ते म्हणाले, बाहेर दीडशे ट्रक उभे आहेत, तू जुना वायरमन आहेस, काहीतरी कर. जुन्या चुन्याच्या पंपाचं पॅनेल बंद पडलंय, त्यातून साधे काढले. बटण बांधलं. वाटलं, सोमवारपर्यंतच तर चालवायचं. पारे आला की तो बघेल."

"आणि सोमवारी तुम्ही त्याला सांगितलंत."

"कॉफी ओतली आणि हसत सांगितलं, नांग. हसत! म्हटलं, पारे, तुझ्याशिवाय कारखाना चालवून दाखवला, साधे फ्यूज टाकले. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, बाल्दो, अरेस्टर मेलेत, तुला माहीत नाही? मला नव्हतं माहीत. मला कुणी ते पान दाखवलं नव्हतं. तो उठला आणि..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. "मी सांगितलं नसतं तर तो गेला नसता तिथे."

"सांगितलं नसतं तर देल्फा तिथेच उभी असती."

हे बाल्दोने ऐकलं की नाही, तिला कळलं नाही.

"साहेब दुपारी आले. म्हणाले, मेलेल्याला तुरुंगात घालता येत नाही, तुला येतं. गप्प राहा. मी गप्प राहिलो. रोज त्याच्या घरी जातो, शवपेटीजवळ बसतो, प्रार्थना म्हणतो. फेलिसा माझ्या हातात बिस्किटं देते." त्याने अपुऱ्या हाताने तोंड झाकून घेतलं. "आणि मी ती खातो."

६

सेरियाने तोरालबांच्या टेबलावर अहवाल परत ठेवला. सहीची जागा कोरी होती. शेजारी तिने गुलाबी कागदाची फोटोप्रत ठेवली.

तोरालबांनी ती वाचली. आवाज तरीही मऊच होता. "यावर काय लिहिलंय? हंगाम संपल्यावर पाहू. मी नाही म्हणालो नव्हतो. पाच अभियंत्यांनी असंच लिहिलं असतं."

"पाचांनी कार्डाचं पान फाडलं नसतं."

"तुम्ही एक विसरताय. वरून मला रोज फोन येतो. किती टन, किती टन. कुणी विचारत नाही, किती अरेस्टर."

सेरियाला क्षणभर त्यांच्याबद्दल खरोखर वाईट वाटलं. पण तिने बॅग उचलली. "पाच पॅनेलच्या मेन स्विचला मी माझी कुलुपं लावली आहेत, किल्ल्या माझ्याजवळ. मूळ कागद कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे गेलाय, दुपारच्या बसने. रोडेल स्वतः घेऊन गेला."

तोरालबांनी टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला, पण ती निघेपर्यंत उचलला नाही.

आर्तेमियोच्या घरासमोर ताडपत्रीचा मांडव होता. शेजारपाजारचे लोक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पत्ते खेळत बसले होते, शवाला एकटं ठेवायचं नाही म्हणून. फेलिसा पेटीच्या उशाशी बसली होती, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. सेरियाच्या मागून बाल्दो आला. तिने त्याला बोलावलं नव्हतं. तो कारखान्यापासून वीस पावलं मागे चालत आला होता.

"बस ना, पारे," फेलिसा म्हणाली.

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितलं, सगळं, शनिवारच्या फोनपासून कॉफीपर्यंत. पत्ते थांबले. मांडवात एक म्हातारी जपमाळेचे मणी ओढत होती, तिचेही हात थांबले. त्याचं संपल्यावर फेलिसा म्हणाली,

"म्हणजे त्याला कळलं होतं. ते धोक्याचं आहे हे कळून गेला."

"हो."

"आणि तीन दिवस लोक मला येऊन सांगतायत, त्याचीच चूक होती गं, पण माणूस चांगला होता." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या मुलीला बाजारात सांगितलं कुणीतरी! आणि तू इथे बसून ऐकत होतास!"

बाल्दो गुडघ्यांवर आला. "मला क्षमा..."

"ऊठ. इथे नको. मला एकटीला सांगून तू मोकळा होणार, असं नाही चालायचं." ती पेटीला धरून उभी राहिली. "उद्या सकाळी गेटवर सांग. शिफ्ट बदलताना, सगळे असतात तेव्हा. मग ये. मग बघू मी तुझ्याशी बोलते की नाही."

गुरुवारी सकाळी सहाला गाळप सुरू झालं नाही. सेबूहून अरेस्टर आणि फ्यूज यायला आणखी तीन दिवस लागणार होते, आणि निरीक्षकाची गाडी त्याच्या आधीच आत शिरली होती. गेटवर दोन्ही शिफ्टची माणसं जमली होती. आत जाणारी जात नव्हती, बाहेर निघालेली निघत नव्हती. पलीकडे ट्रकांची रांग गुरगुरत उभी होती. खाली वाळलेल्या उसाचा आंबूस वास.

बाल्दोमेरो आलिपो एका उसाच्या गाडीवर चढला. त्याने टोपी काढली. तो बोलू लागला, पण इंजिनांच्या आवाजात पुढच्या दोन रांगांपलीकडे कुणाला ऐकू येईना.

"मोठ्याने!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. आवाज फुटला. तेव्हा पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून पाहू लागला, त्याने रोडेलला काहीतरी विचारलं, आणि उत्तर ऐकून किल्ली फिरवली. त्याचं इंजिन थांबलं. मग त्याच्या मागच्याचं. मग त्याच्या मागच्याचं, एकेक करत, पार वळणापर्यंत, जिथले लोक काय चाललंय हे पाहूही शकत नव्हते.

"फ्यूज मी बसवले," बाल्दो म्हणाला, आणि या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं. "आर्तेमियो ते बंद करायला धावला होता."